रीतसर घेतलेलं रीळ

मी खरेदी विभागात आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे काही झालं त्यात माझा दोष नव्हता हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहील. गेली सव्वीस वर्षं आमच्या कार्यालयात टाचणीपासून कपाटापर्यंत जी वस्तू आली ती माझ्या सहीनं आली, आणि एकही वस्तू परत गेली नाही. एकदा तीन पायांच्या खुर्च्या आल्या होत्या. पण मागणीपत्रात पायांची संख्या लिहायची राहून गेली होती, त्यामुळे त्याही परत गेल्या नाहीत. अशा माणसाला एक साधं रीळ आणि त्यावरची दोरी घेता येणार नाही असं त्याच्या बायकोनं चारचौघांत सुचवावं, हे मला लागलं. चांगलंच लागलं.

झालं असं की आम्ही नवरा-बायको पाण्याखाली बुडी मारायला शिकत होतो. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, पायांत रबरी पंख, सगळं साग्रसंगीत. या वयात हे कुठून सुचलं असं सगळेच विचारतात, तुम्ही तरी विचारू नका. आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. ती हिला 'मॅडम' म्हणते आणि मला 'काका'. आम्हा दोघांत फक्त दीड वर्षाचं अंतर आहे, हे मी तिला दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा ती "हो काका" म्हणाली.

तर एका रविवारी तलावावर तिनं जाहीर केलं की महिन्याभरानं परीक्षा. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत पाणी साठलंय, तिथे उतरायचं. खालून दोरीला बांधलेला नारिंगी फुगा वर सोडायचा, म्हणजे समुद्रात होडीवाल्याला कळतं की इथे खाली माणसं आहेत. मग त्या दोरीच्या आधारानं सावकाश वर यायचं. एका जोडीला एक रीळ, ते ज्याचं त्यानं आणायचं. "हाताच्या पंज्यात मावेल असं घ्या. दोरी तीस मीटर पुरे, पांढरी विणलेली. रीळ काठोकाठ भरू नका," ती म्हणाली. "ज्या जोडीकडे रीळ नसेल तिला मी समुद्रात नेणार नाही."

हे ऐकताच आमच्या वर्गातले दातांचे डॉक्टर पुढे सरसावले. त्यांच्या जोडीदाराची बदली झाल्यामुळे ते एकटे पडले होते. "मॅडम," ते हिला म्हणाले, "माझ्याकडे रीळ आहे. दोन आहेत. तुमची अडचण होणार असेल तर संकोच करू नका."

"यांनी महिन्याभरात आणलं तर यांच्याबरोबर," ही म्हणाली, "नाहीतर तुमच्याबरोबर."

आणि सगळे हसले. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर ते आणखी हसले असते. हिला समुद्राचं वेड लागलं होतं. शाळेत गणित शिकवणारी बाई ही, पण घरात भिंतीवर माशांचा तक्ता लावून नावं पाठ करत असे. ती समुद्रात जाणार हे नक्की होतं. तिच्या शेजारी कोण असणार, एवढाच प्रश्न होता. मी होडीत टॉवेल सांभाळत बसलोय आणि खाली ही डॉक्टरांना बोटानं मासे दाखवतेय, हे चित्र मला जेवताना दिसायला लागलं. मला हेवा वाटत होता, यात लपवण्यासारखं काही नाही.

तेव्हा मी ठरवलं, रीळ घ्यायचं तर असं घ्यायचं की डॉक्टरांची दोन्ही रिळं तोंडात मारल्यासारखी गप्प बसली पाहिजेत. आणि घ्यायचं ते रीतसर.

रीतसर म्हणजे काय, हे लोकांना माहीत नसतं. लोक दुकानात जातात, वस्तू बघतात आणि घेतात. इथेच फसतात. वस्तू समोर दिसली की माणूस भुलतो. खरेदीतला माणूस आधी वस्तूचा तपशील लिहून काढतो, मग तीन ठिकाणची दरपत्रकं मागवतो, मग तुलनात्मक तक्ता करतो आणि वस्तूचं तोंड सगळ्यात शेवटी बघतो. आता आमच्या बाईंनी तपशील दिलाच होता, हे खरं. पण तो तोंडी होता. तोंडी गोष्टींना आमच्या विभागात काडीचीही किंमत नाही.

मी जेवणाच्या टेबलावर कोरा कागद घेऊन बसलो होतो, दार उघडं होतं, आणि समोरच्या घरातले काका डोकावले. हे काका निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर साखळी घेऊन लोकांच्या जमिनी मोजल्या, आता जमीन उरली नाही म्हणून काहीही मोजतात. बिल्डिंगीत त्यांना मोजणीकाका म्हणतात.

"काय खरेदीवाले, काय चाललंय?"

मी सांगितलं. ते आत येऊन खुर्ची ओढून बसलेच. "दोरी किती?"

"बाई म्हणाल्या, तीस मीटर पुरे."

"पुरे?" काकांनी चष्मा काढला. "अहो, पुरे हा शब्द मोजणीत नाही. खाण किती खोल?"

"अठरा मीटर."

"म्हणजे सरळ रेषेत अठरा. तिरकी गेली तर तीस. प्रवाहानं ओढली तर पंचेचाळीस."

"काका, खाणीत प्रवाह नाही. पाणी साठलेलं आहे."

"आज नाही," काका म्हणाले. "पंचेचाळीस मीटर मध्येच तुटली तर? म्हणून दुप्पट, नव्वद. त्यावर तीस राखीव. एकशेवीस लिहा."

मी लिहिलं. खोटं कशाला बोलू, मला ते पटलंही. बोलण्याचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनी वर आल्या. त्यांचं शिवणकामाचं दुकान घरातच आहे, त्यामुळे दोरा म्हटलं की शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी दोरीची जाडी वाढवून घेतली, कारण बारीक दोरा कच्चा निघतो आणि ऐनवेळी दगा देतो. मग म्हणाल्या, "भाऊजी, प्रत्येक मीटरवर मी तुम्हाला लाल दोऱ्याची जाड खूण शिवून देते. म्हणजे किती सुटली ते हाताला कळेल. तुम्हाला अंदाज नाही हो. तुमच्या पँटच्या मापावरून मी ओळखते ना."

पँटचा उल्लेख करायची काही गरज नव्हती. पण खुणांची कल्पना चांगली होती, म्हणून मी अपमान गिळला आणि कलम लिहून घेतलं. शेवटी मी माझं स्वतःचं एक कलम घातलं. त्याचा मला अजून अभिमान आहे, निदान परवापर्यंत होता. 'रिळास भक्कम मूठ असावी व ती अशी असावी की कोणत्याही परिस्थितीत रीळ हातातून सुटू नये.'

ही वह्या तपासत बसली होती. तिला कागद दाखवला. तिनं तो पूर्ण वाचला, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि परत दिला. "तुमचं चालू द्या," म्हणाली.

तीन दुकानांना पत्रं गेली आणि इथे एक बारीकशी चूक झाली. सव्वीस वर्षं हात एकाच वळणानं चालतोय. पत्राच्या शेवटी 'दरपत्रक खालील पत्त्यावर पाठवावे' असं लिहिलं आणि खाली घराच्या ऐवजी कार्यालयाचा पत्ता लिहिला. तिन्ही दुकानांची पाकिटं कार्यालयात आली, आवक शाखेत फुटली, त्यांवर शिक्के बसले, क्रमांक पडले आणि ती साहेबांच्या टेबलावर गेली.

साहेबांनी मला बोलावलं. "हे पाण्याखालचं रीळ आपल्याला कशाला लागतंय?"

"साहेब, ते खाजगी आहे. माझं आहे."

"खाजगी आहे तर त्याला आवक क्रमांक कसा?"

क्रमांक पडला की कागद कार्यालयाचा, हा नियम मीच नव्या लोकांना शिकवत आलोय. साहेबांनी कोपऱ्यात लिहिलं, 'संबंधितांकडून खुलासा मागवावा', आणि फाइल खरेदी विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे, पाठवली. संबंधितही मीच. मी संबंधितांना पत्र लिहिलं. तीन दिवसांत खुलासा न आल्यास पुढील कार्यवाही केली जाईल, अशी तंबीही दिली, कारण ती सगळ्यांनाच देतो. पत्र मी स्वतःच्या टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवलं, डाव्या बाजूला बसून घेतलं आणि पोच दिली. खुलासा तिसऱ्या दिवशी दिला. दुसऱ्या दिवशी दिला तर तो आधीच तयार होता असा संशय येतो. वाचून पाहिला तर मोघम वाटला. दुसऱ्या कुणी असा खुलासा दिला असता तर मी परत पाठवला असता. माणूस ओळखीचा आहे म्हणून सोडायचा, हे माझ्याच्यानं झालं नाही. 'खुलासा समाधानकारक नाही' असा शेरा मारून तो मी संबंधिताकडे परत पाठवला. दुसरा खुलासा लिहिताना मात्र मी मनातून भयंकर चिडलो होतो.

दुसरा खुलासा साहेबांपर्यंत गेला आणि त्यांनी 'पाहिले' असं लिहून सही केली. यात दहा दिवस गेले. शिवाय दरपत्रकं आता फाइलीत लागली होती, ती घरी नेता येईनात. जेवणाच्या सुट्टीत बसून मी त्यांची हातानं नक्कल उतरवून घेतली.

"झालं का रीळ?" ही विचारायची.

"प्रक्रियेत आहे."

"बरं. डॉक्टरांचा फोन आला होता."

माझा घास हातातच राहिला. "काय म्हणत होते?"

"काही नाही. दाढेचं विचारत होते."

त्यानंतर मी तुलनात्मक तक्ता एका बैठकीत संपवला. तीन उभे रकाने, नऊ आडवे. आणि निकाल काय लागला? तिन्ही रिळं अपात्र. एकाची दोरी तीस मीटर, दुसऱ्याची चाळीस, तिसऱ्याची पंचेचाळीस. एकशेवीसच्या जवळपासही कुणी नाही. दोन तर प्लॅस्टिकची, आणि एकाला मूठच नव्हती. दोन तबकड्या आणि मधे दोरी, बस्स. एका दुकानदाराचा फोन आला. "काका," हाही काका, "तुम्ही लिहिलंय तसं रीळ जगात कुणी बनवत नाही."

खरं सांगतो, माझी छाती फुगली. तक्त्याखाली मी लिहिलं, 'बाजारात योग्य वस्तू उपलब्ध नसल्याने ती बनवून घेण्यात यावी.' माणसाला कधी हात टेकावे लागू नयेत, असं हे वाक्य आहे.

पलीकडच्या गल्लीत एक लेथवाला आहे. यंत्रांचे सुटे भाग बनवतो. बोलत नाही. त्यानं फक्त विचारलं, "नकाशा आहे?" नकाशा मोजणीकाकांनी रात्रीचा दिवस करून काढला होता, प्रमाणासकट. सवयीप्रमाणे वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणही काढला होता. लेथवाल्यानं नकाशा खालीवर करून पाहिला आणि मान डोलावली. शुक्रवारी रीळ घरी आलं. अस्सल गंज न धरणारं पोलाद, चकाकत होतं आरशासारखं. दोन्ही हातांनी उचलावं लागत होतं. एका तबकडीवर उत्तरेकडे दाखवणारा बाण कोरलेला होता. नकाशात होता, त्यानं कोरला. त्याची काही चूक नाही. वहिनींनी संध्याकाळपर्यंत एकशेवीस लाल खुणा शिवून दिल्या, काकांनी दोरी गुंडाळली, आणि ती बरोब्बर काठोकाठ बसली.

ही कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "हे आपण पाण्यात नेणार?"

"नेणार."

"आणि परत आणणार?"

मी असल्या प्रश्नांना भीक घालत नाही.

वस्तू ताब्यात घेण्याआधी चाचणी लागतेच. ती शनिवारी सकाळी जिन्यात घ्यायचं ठरलं. खाणीतलं पाणी गढूळ असतं, काही दिसत नाही, म्हणून मी पाण्याखालचा चष्मा आतून वर्तमानपत्र लावून आंधळा केला. दोरीचं टोक खालच्या फाटकाला बांधलं. आता मी रीळ सोडत सोडत चौथ्या मजल्यापर्यंत जायचं आणि तसंच दोरी गुंडाळत खाली यायचं, असा बेत होता. काका खाली उभे राहून खुणा मोजणार होते.

दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. तेवढ्यात काकांना वाटलं की दोरीला झोल पडतोय आणि त्यामुळे माप चुकतंय. ती ताणून धरायला हवी. म्हणून त्यांनी ती मुठीत घट्ट धरली, आणि वरून बरं दिसेल म्हणून दोरी धरूनच लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट निघाली. माझ्या हातातलं रीळ एकदम गरगरा फिरायला लागलं. मला दिसत तर काहीच नव्हतं. मी आनंदानं ओरडलो, "काका, काय सुरेख सुटतंय!" तेवढ्यात रिळाची फिरती मूठ माझ्या बोटांच्या सांध्यांवर बसली. मी ओय ओय करत उलट्या दिशेनं पळालो, आणि दोरी माझ्यामागे कठड्यातून आतबाहेर होत आली.

चष्मा काढला तेव्हा जिन्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. गॅसची टाकी घेऊन येणारा माणूस टाकीसकट गुंडाळला गेला होता आणि शांतपणे मला नावं ठेवत होता. वहिनींकडे कोटाचं माप बघायला आलेले एक गृहस्थ एकाच बाहीचा, टाचण्या लावलेला कोट घालून पायरीवर बसले होते. त्यांना हलता येत नव्हतं. हलले की टाचण्या टोचत होत्या. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे अडकली होती आणि तिच्यातून काकांचा आवाज येत होता, "सत्तेचाळीस! कुणीतरी लिहून घ्या, सत्तेचाळीस!"

हिनं दोन तास बसून तो गुंता सोडवला. एकही गाठ कापली नाही. आधी टाकीवाल्याला मोकळं केलं, मग कोटवाल्यांना, शेवटी काकांना. मला सोडवताना माझ्या सुजलेल्या बोटांना बर्फ लावला. काका लिफ्टमधून बाहेर आले ते कपडे झटकत. "दोरी एकशे अठरा मीटर भरते," म्हणाले. "दोन मीटर कमी दिली आहे. तक्रार नोंदवा."

रविवारी खाणीवर डॉक्टर आधीच येऊन बसले होते, मांडीवर दोन रिळं घेऊन. माझं रीळ पिशवीतून बाहेर आलं तसे ते स्वतःचे सगळे दात दाखवून हसले. आमच्या बाईंनी ते उचलून पाहिलं आणि लगेच खाली ठेवलं.

"काका, हे काय आहे?"

"रीळ."

"हा बाण कशाचा?"

"उत्तर."

ती एक क्षण हिच्याकडे बघत राहिली. ही पाण्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, "ऐका काका. फक्त पाच मीटरवर करायचं, तिथल्या दगडी कट्ट्यावर. मी एका हाताच्या अंतरावर असेन. हे रीळ कमरेला अडकवायचं नाही, हातातच धरायचं. दोरी अडकली की त्याच क्षणी सोडून द्यायचं. फुगा वर जातोच. तुम्ही त्याच्याबरोबर गेलात तर फुप्फुसांची वाट लागेल. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. कळलंही होतं.

आम्ही हात धरून उतरलो. जोडीनं हात धरूनच उतरायचं, असा नियम आहे. पाण्याचा रंग फिक्या चहासारखा होता, पण हिचा चेहरा दिसत होता. कट्ट्यावर गुडघे टेकले. हिनं फुग्यात हवा भरली, तो सरळ उभा राहिला, आणि मी रिळाची खिट्टी काढली. फुगा सुटला. एक मीटर, दोन मीटर, वहिनींच्या खुणा हाताखालून टकटक करत गेल्या. तिसरी खूण रिळातून दोरी बाहेर पडायच्या भोकात अडकली.

मग काय झालं ते मला नीट आठवतं. रीळ वर निघालं. त्याची मूठ माझ्या उजव्या हातात होती, आणि ती अशी बनवलेली होती की सुटू नये. डाव्या हातात हिचा हात होता. मी मधे ताणलेला. फुगा मला वर ओढत होता, ही मला खाली ओढत होती. तिनं दुसऱ्या हातानं कट्ट्याची कड धरली होती. गुडघे उचलले गेले. बाई माझ्यासमोर हात हलवून सांगत होत्या, सोड, सोड. दोन्हींपैकी एक हात उघडायचा होता. आणि मी विचार केला. इथे शरम वाटते, पण केला. सव्वीस वर्षांत माझ्या हातून वस्तू गेली नव्हती, आणि ही तर नकाशा काढून बनवलेली, जगात एकच असलेली वस्तू. मग मला हिचे डोळे दिसले. काचेमागचे. ती घाबरली होती. मी तिला इतक्या वर्षांत घाबरलेलं फारसं पाहिलं नव्हतं, आणि ती स्वतःसाठी घाबरली नव्हती.

मी रीळ सोडलं.

हिनं मला खाली खेचलं आणि माझ्या तरंगायच्या जॅकेटातली हवा काढली. आम्ही दोघं कट्ट्यावर आदळलो. रीळ फुग्याबरोबर वर गेलं. वर जाऊन फुगा आडवा पडला असावा, त्यातली हवा निघून गेली असावी, कारण थोड्याच वेळात ते आमच्या नाकासमोरून परत आलं. चकाकत, सावकाश, बाण भलत्याच दिशेला करून ते खाली अंधारात गेलं. मागोमाग दोरी गेली आणि शेवटी लोळागोळा झालेला नारिंगी फुगा गेला.

मला वाटलं, संपलं. परीक्षाही गेली, समुद्रही गेला. आता हिनं डॉक्टरांचा हात धरायचा आणि मी टॉवेल. मी मान खाली घातली. तेवढ्यात हिनं मांडीच्या खिशात हात घातला आणि एक छोटंसं रीळ बाहेर काढलं. दोन तबकड्या आणि मधे पांढरी दोरी, बस्स. त्याच खिशातून दुसरा फुगा काढला, दोरीला अडकवला, हवा भरली आणि सोडला. अर्ध्या मिनिटाचं काम. फुगा वर पोचला, दोरी ताठ झाली. तिनं ते रीळ माझ्या हातात दिलं आणि अंगठा वर केला. आम्ही त्या दोरीला धरून सावकाश वर आलो. बाई सोबत होत्याच.

काठावर बसल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो असा, "हे कधी घेतलंस?"

"पहिल्याच सोमवारी. शाळेतून येताना."

"किती दरपत्रकं घेतलीस?"

"एकही नाही." तिनं केस पिळले. "दुकानदारानं एकच गोष्ट विचारली. बरोबर कोण असतं, हातातलं लगेच सोडणारं की धरून बसणारं? मी म्हटलं, धरून बसणारं. तर म्हणाला, मग हे बिनमुठीचं न्या, धरून बसायला त्याला काही नाहीच."

म्हणजे मी जो रकाना अपात्र ठरवला होता तोच. "मग मला दाखवलं का नाहीस?"

"दाखवलं असतं तर तुम्ही त्याचाही तक्ता केला असता."

"आणि डॉक्टरांबरोबर जाणार होतीस ते?"

"ते तुम्ही लवकर हलावं म्हणून. तुम्ही हललात खरे, पण भलतीकडेच."

मला राग यायला हवा होता. महिनाभर ही बाई खिशात उत्तर ठेवून माझी गंमत बघत होती. पण खरं सांगायचं तर मला इतकं हलकं वाटत होतं की राग कुठे ठेवावा तेच कळेना. डॉक्टर येऊन "वाचलात" म्हणाले, तेसुद्धा मला भला माणूस वाटले.

बाईंनी प्रत्येकाला एक छापील कागद दिला. समुद्रावर न्यायच्या आधी भरायचा. 'जोडीदार बदलायचा आहे काय?' असा प्रश्न होता आणि खाली जोडीदाराबद्दल दोन ओळी लिहायच्या होत्या. जोडीदारानं त्या वाचून सही करायची. हिनं माझ्या पाठीवर कागद ठेवून तो भरला. पेनाचं टोक रबरी सुटातून टोचत होतं. मग कागद माझ्यापुढे धरला.

बदलायचा आहे काय? 'नाही.'

खाली तिच्या त्या वहीतल्यासारख्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'रीळ सोडायचं की बायको, हे ठरवायला चार सेकंद घेतले. उत्तर बरोबर. सुधारणेस वाव आहे.'

मी खाली सही केली.